म्योडलारॉइट: ओढा तोच, हद्द तीच, गाव मात्र दुभंगलं

३१ ऑक्टोबरला जर्मनीतल्या म्योडलारॉइट गावात ओढ्याच्या एका काठावर सुट्टी असते आणि दुसऱ्या काठावर नेहमीचा कामाचा दिवस. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, नेमकं उलट होतं. एक काठ थुरिंगिया राज्यात आहे. तिथे धर्मसुधारणेचा दिवस पाळतात. दुसरा काठ बव्हेरियात. तिथे सर्व संतांचा सण असतो. मधून वाहणाऱ्या टानबाख ओढ्याचं पात्र इतकं अरुंद आहे, की पाणी चढलेलं नसेल तर लांब टांग टाकून माणूस पलीकडे जाईल. गावची वस्ती पन्नासच्या आसपास. बव्हेरियाच्या काठाचा कारभार ट्योपेनच्या सरपंचाकडे, थुरिंगियाच्या काठाचा गेफेलच्या नगराध्यक्षाकडे. पिन कोड दोन, गाड्यांच्या पाट्या दोन तऱ्हेच्या. आणि १९६६ पासून १९९० पर्यंत या ओढ्याच्या काठाने ७०० मीटर लांबीची काँक्रीटची भिंत उभी होती.

जर्मनीच्या फाळणीची गोष्ट बर्लिनपासून सुरू करण्याचा प्रघात आहे. पण ती समजून घ्यायची तर हे गाव जास्त उपयोगाचं. इथे सगळं इतक्या लहान मापात घडलं, की एकेक टप्पा वेगळा काढून पाहता येतो. शिवाय एक मोठा गैरसमज इथे मुळातूनच दूर होतो. दुसऱ्या महायुद्धाने या गावातून नवी रेघ ओढली नाही. रेघ आधीपासून होती, निदान सोळाव्या शतकापासून. कैक पिढ्या ती कोणाच्या वाटेत आली नाही. मग सात वर्षांत तिचं कुंपण झालं आणि आणखी चौदा वर्षांत भिंत. ओढा तसूभरही हलला नव्हता.

गावाची जागा

बव्हेरियाच्या ईशान्य टोकाला होफ हे शहर आहे. त्याच्या उत्तरेला, बव्हेरिया, थुरिंगिया आणि सॅक्सनी ही तीन राज्यं एकमेकांना लागतात त्या टापूत म्योडलारॉइट येतं. या सगळ्या मुलखाचं जुनं नाव फोग्टलांड. जमीन चढउताराची; टेकाडांवर रान, उतारांवर शेतं आणि कुरणं, सखल भागात ओढे. थंडी कडक. नावातला 'रॉइट' हा शेवट जंगल तोडून मोकळ्या केलेल्या जमिनीचा आहे. मध्ययुगात इथली जंगलं साफ करून जी गावं वसली, त्यांच्या नावांत हा शेवट सर्रास सापडतो. शेजारचं गेबर्सरॉइट तसंच, आणि दूरवर प्रसिद्ध असलेलं बायरॉइटही तसंच.

गावाची बांधणी ओढ्याच्या दोन्ही अंगांनी आहे. मधे पाणी, अल्याड-पल्याड वाडे, गोठे, धान्याची कोठारं. जंगल तोडून वसलेल्या वस्तीला हे साहजिकच होतं. गुरांना पाणी जवळ लागतं, गिरणीला वाहतं पाणी लागतं, आणि उतारावरची जमीन दोन्ही बाजूंनी कसायला मिळते. टानबाखचं पाणी पुढे झाले नावाच्या नदीच्या खोऱ्यात जातं, झाले एल्बेला मिळते आणि एल्बे उत्तर समुद्राला.

ज्यांनी गाव वसवलं त्यांना ओढा ही सोय होती. ज्यांनी मुलूख वाटून घेतला त्यांनाही तो सोयीचाच वाटला, फक्त कारण वेगळं होतं. मोजणी न करता, खांब न रोवता तयार मिळणारी हद्द म्हणजे वाहतं पाणी. गावकऱ्याला पाणी वापरायचं असतं आणि राज्याला त्याची रेघ करायची असते. या गावाचं पुढचं सगळं दुखणं या दोन वापरांच्या एकाच जागी येण्यातून निघालं.

दगडांवरची अक्षरं

सोळाव्या शतकातच टानबाख ही बायरॉइटच्या मारग्राफांचा मुलूख आणि रॉयस घराण्याचा मुलूख यांच्यातली हद्द होती. मारग्राफ म्हणजे सीमाभागाचा सरदार. पुढे ती वंशपरंपरागत पदवी झाली. रॉयस घराणं लहान, आणि त्याच्याही शाखा पडलेल्या. त्या घराण्यात प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिश ठेवण्याची रीत होती आणि ओळख पटावी म्हणून त्यांना आकडे देत.

बायरॉइटच्या बाजूला मालक बदलत गेले. १७९१ मध्ये शेवटच्या मारग्राफाने राज्य सोडलं आणि ते प्रशियाकडे गेलं. नेपोलियनने प्रशियाला हरवलं तेव्हा ते फ्रान्सच्या हातात आलं, आणि १८१० मध्ये नेपोलियनने ते बव्हेरियाच्या राजाला १५ दशलक्ष फ्रँकला विकलं. नवा मालक आला की हद्द नव्याने आखून घेतो. म्हणून म्योडलारॉइटच्या हद्दीच्या दगडांवर साल १८१० आहे. दगडाच्या एका अंगाला 'के बी', म्हणजे बव्हेरियाचं राज्य. दुसऱ्या अंगाला 'एफ आर', म्हणजे रॉयसचं संस्थान. ओढ्याची हद्द ठरवून वर दगडही रोवायचे, ही दुहेरी मेहनत वाटेल, पण तिला कारण आहे. ओढा पुरात काठ खातो, वळण बदलतो, गाळाने सरकतो. दगड जागेवर राहतो.

पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत या दगडांचं वजन कमीच होत गेलं. १ जानेवारी १८३४ ला जर्मन जकात संघ सुरू झाला. त्यात बव्हेरियाही होतं आणि थुरिंगियातली छोटी संस्थानंही. ओढा ओलांडताना मालावर जकात लागण्याचा प्रश्न तिथेच संपला. १८७१ मध्ये दोन्ही काठ एकाच जर्मन साम्राज्यात आले. पहिल्या महायुद्धानंतर राजे-संस्थानिक गेले, रॉयसची दोन्ही राज्यं १९१९ मध्ये एक झाली आणि १९२० मध्ये थुरिंगिया या नव्या राज्यात विलीन झाली. ओढ्यावरची हद्द आता फक्त दोन राज्यांच्या कारभारापुरती उरली.

गावाने तर ती कधी मनावर घेतलीच नव्हती. शाळा थुरिंगियाच्या काठावर होती आणि गुत्ताही. चर्चला मात्र सगळे बव्हेरियातल्या ट्योपेनला जात. म्हणजे पोरगं सकाळी एका राज्यात शिकायला जाई आणि रविवारी घरचे सगळे दुसऱ्या राज्यात प्रार्थनेला जात. सोयरिकी दोन्हीकडे, शेतं दोन्हीकडे. हा तपशील फार महत्त्वाचा आहे. गावाचा कोणताच अर्धा भाग स्वतःपुरता पूर्ण नव्हता. एकाकडे शाळा नाही, दुसऱ्याकडे चर्चची वाट नाही. अशी गावं तुटतात तेव्हा दोन लहान गावं तयार होत नाहीत. दोन अपुरी गावं तयार होतात.

कागदाची सात वर्षं

१२ सप्टेंबर १९४४ ला, युद्ध अजून चालू असताना, लंडनमध्ये दोस्त राष्ट्रांनी हरणाऱ्या जर्मनीची वाटणी कागदावर मांडली. त्यांनी नव्या रेघा फारशा आखल्या नाहीत. जर्मन राज्यांच्या आणि प्रांतांच्या हद्दी नकाशावर होत्याच, त्याच धरल्या. थुरिंगिया सोव्हिएत संघाकडे, आणि बव्हेरिया पुढे अमेरिकेकडे. घाईच्या कामात हाताशी असलेली रेघ घेणं समजण्यासारखं आहे. पण मुलखाच्या नकाशावर पन्नास उंबऱ्यांखालचं गाव दिसत नाही. हद्द कारभाराची होती, ती फौजांची झाली, आणि बदल करताना ती जमिनीवर कुठून जाते हे कोणी पाहिलं नाही.

जुलै १९४५ मध्ये अमेरिकन फौजा थुरिंगियातून मागे गेल्या आणि सोव्हिएत फौजा आल्या. म्योडलारॉइटमध्ये त्यांनी सुरुवातीला बव्हेरियाकडचा भागही व्यापला; तो साधारण वर्षभराने अमेरिकन विभागात परत आला. तेव्हापासून ओढा खऱ्या अर्थाने सीमा झाला.

तरीही लगेच कुंपण पडलं नाही, आणि या सात वर्षांकडे नीट पाहिलं पाहिजे, कारण तुटणं इथेच सुरू झालं. आधी परवाना आला. पलीकडे शेत असलेल्या शेतकऱ्याला ओढा ओलांडायला कागद दाखवावा लागू लागला. मग २० जून १९४८ ला पश्चिमेकडच्या विभागांत नवं चलन आलं, डॉइच मार्क. तीनच दिवसांत सोव्हिएत विभागानेही आपलं वेगळं चलन काढलं. आता एका काठाचा पैसा दुसऱ्या काठावर चालेना. गुत्ता थुरिंगियाच्या बाजूला, आणि बव्हेरियाच्या बाजूच्या माणसाच्या खिशातलं नाणं तिथे परकं. मग १९४९: २३ मे रोजी पश्चिम जर्मनीची घटना लागू झाली, ७ ऑक्टोबरला पूर्व जर्मनीचं राज्य जाहीर झालं. ओढ्याच्या दोन काठांवर आता दोन देश होते. विटेवर वीटही चढली नव्हती, पण शाळा, पैसा, कायदा आणि पोलीस ही चारही सूत्रं एकेक करून तुटली होती.

कुंपणापासून भिंतीपर्यंत

२६ मे १९५२ ला बॉनमध्ये पश्चिम जर्मनीने पाश्चात्त्य राष्ट्रांशी करार केला. त्याच दिवशी पूर्व जर्मनीच्या मंत्रिमंडळाने सीमेबाबतचा हुकूम काढला. त्याने सीमेलगत तीन पट्टे आखले. आतून बाहेर यायचं तर पहिला ५ किलोमीटर रुंदीचा प्रतिबंधित पट्टा. इथे राहायला किंवा यायला परवानगी हवी. मग सीमेपासून ५०० मीटरचा संरक्षित पट्टा. इथले नियम त्याहून कडक. आणि सीमेला खेटून १० मीटरची नांगरलेली पट्टी, जिथे पाऊल टाकणंच गुन्हा. म्योडलारॉइटचा थुरिंगियाकडचा सगळा भाग या ५०० मीटरच्या आत येत होता.

मग माणसं हलवणं आलं. ज्यांच्यावर सरकारचा भरवसा नव्हता त्यांना सीमेजवळच्या गावांतून उठवून आत नेऊन बसवलं. जूनमधल्या या मोहिमेला सरकारी कागदांत दिलेलं नाव 'उंगेत्सीफर' होतं. उवा, ढेकूण, उंदीर असल्या उपद्रवी जिवांना जर्मनमध्ये हा शब्द आहे. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये अशीच दुसरी मोहीम झाली. दोन्हींत मिळून पूर्व जर्मनीच्या पूर्ण सीमेवरून अकरा-बारा हजार माणसांना घरं सोडावी लागली. म्योडलारॉइटमध्ये ओढ्याकाठच्या गिरणीतलं कुटुंब पळून पलीकडे गेलं आणि गिरणी पुढे पाडली गेली. सीमेला लागून असलेल्या इमारती पाडणं हा नियमच होता. भिंतीआड दडता येतं, खिडकीतून उडी टाकता येते.

म्योडलारॉइटमध्ये पहिलं कुंपण १९५२ चं, उभ्या लाकडी फळ्यांचं, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. इतर ठिकाणी तेव्हा काटेरी तारा होत्या. इथे फळ्या का, याचं उत्तर गावाच्या बांधणीत आहे. तारेतून दिसतं; दिसलं की हात हलतो, हाक जाते, ओळख जिवंत राहते. तोडायचं होतं ते जाणं-येणं, आणि त्याबरोबर दिसणंही. पुढे काटेरी तारा आल्या, आणि १९६६ मध्ये काँक्रीटची भिंत: लांबी ७०० मीटर, उंची ३.३० मीटर. बर्लिनच्या भिंतीनंतर पाच वर्षांनी. दोन्ही जर्मनींमधली सीमा १,३९३ किलोमीटरची होती. तिच्यावर काँक्रीटची भिंत फार थोड्या ठिकाणी होती, सुमारे ३० किलोमीटर, आणि तीही मुख्यतः घरं सीमेला खेटलेली असत तिथेच. बाकी सगळीकडे जाळीचं कुंपण. अमेरिकन सैनिक म्योडलारॉइटला 'छोटं बर्लिन' म्हणत ते या भिंतीमुळे.

या व्यवस्थेचे भाग एकेक करून पाहिले, तर ती कोणाविरुद्ध होती हे जमिनीवरच वाचता येतं. सरकारी भाषेत ती शत्रूपासून रक्षण करणारी तटबंदी होती. आता गाड्या अडवण्यासाठी खणलेला चर पाहा. त्याचा पूर्व जर्मनीकडचा काठ हळूहळू उतरत जातो आणि पश्चिमेकडचा काठ जवळजवळ उभा, काँक्रीटच्या लाद्या लावून घट्ट केलेला. पश्चिमेकडून गाडी आली तर ती त्या उतारावरून बाहेर पडेल. पूर्वेकडून आली तर नाक समोरच्या लाद्यांवर आपटून अडकेल. चर बाहेरून येणाऱ्यासाठी खणलेला नव्हता.

चराला लागून पाऊलखुणांची पट्टी. ती आधी १० मीटर होती, नंतर बरीचशी ६ मीटरची झाली. तिच्यावर दंताळं फिरवून माती भुसभुशीत ठेवायची, म्हणजे रात्री कोणी गेलं तर सकाळी ठसा दिसतो. शेतकऱ्याला ठाऊकच आहे की मोकळी केलेली माती मोकळी राहत नाही: पाऊस बसवतो, तण उगवतं, उतारावर माती वाहून जाते. म्हणून तणनाशक मारायचं आणि पुनःपुन्हा वखरायचं. त्याच्या आत गस्तीचा रस्ता: भोकं पाडलेल्या काँक्रीटच्या पाटांच्या दोन समांतर ओळी, गाडीच्या दोन चाकांपुरत्या. भोकांमुळे पाट हलके होतात, पाणी मुरतं, चाक पकड घेतं आणि पाट चिखलात सरकत नाहीत. गस्त बाराही महिने एकाच वेगाने जावी यासाठी हा साधा उपाय होता, आणि म्हणूनच या रस्त्याचे तुकडे आजही ठिकठिकाणी वापरात आहेत.

त्याहून आत, घरांच्या मागे, इशारा देणारं कुंपण. त्यातून कमी दाबाचा विजेचा प्रवाह सोडलेला. तार तुटली किंवा दुसऱ्या तारेला टेकली की नियंत्रण-चौकीत घंटा वाजे आणि कोणत्या टप्प्यात गडबड आहे ते कळे. हे कुंपण माणसाला मारत नसे, पण पळणाऱ्याला भिंतीपर्यंत पोचायच्या आधीच उघडं पाडत असे. त्याची खरी अडचण रानातले प्राणी. हरणं आणि रानडुकरं तारा हलवत, आणि दर वेळी पथकाला धावावं लागे. इतर टापूंत सुरुंग पेरले होते; तेही बर्फाच्या भाराने आणि जनावरांच्या पायाखाली फुटत, पुराने वाहून दुसरीकडे जात. जाळीच्या कुंपणावर बसवलेली, तार ओढली की छर्रे उडवणारी उपकरणं १९८४ अखेरपर्यंत काढली गेली. सुरुंग १९८५ पर्यंत.

टेहळणीचे मनोरे कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या तुकड्यांचे. त्यातला उंच आणि सडपातळ नमुना ११ मीटरचा, एकावर एक कडी ठेवून वर डबा बसवलेला. उंची होती, पण बुड अरुंद. कच्च्या जमिनीत आणि जोराच्या वाऱ्यात तो भरवशाचा नव्हता आणि काही मनोरे कोसळलेही. म्हणून नंतर ठेंगणे आणि रुंद चौकोनी मनोरे आले. म्योडलारॉइटमध्ये दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

ओढ्यांची वेगळी डोकेदुखी होती. भिंत पाण्यावरून नेता येते, पण पाणी अडवता येत नाही, आणि पाणी जिथून जातं तिथून सडपातळ माणूसही जाऊ शकतो. म्हणून मोऱ्यांना आणि ओढ्यांना लोखंडी गज बसवत. गजांवर पालापाचोळा आणि फांद्या अडकल्या की पाणी तुंबतं, म्हणून ते साफ करायला माणसं पाठवावी लागत. आणि साफ करणाऱ्यांवर लक्ष ठेवायला आणखी माणसं.

आणखी एक गोष्ट पाहणाऱ्यांच्या लक्षात सहसा येत नाही. भिंत हद्दीवर नव्हती. पूर्व जर्मनी सगळं बांधकाम आपल्याच जमिनीत, रेघेपासून थोडं आत ठेवत असे, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी आपली माणसं परक्या जमिनीवर जायला नकोत. त्यामुळे भिंतीच्या पलीकडेही पूर्व जर्मनीची चिंचोळी पट्टी उरे. पश्चिमेकडून आलेला पाहुणा भिंतीला हात लावायला गेला तर त्या क्षणी तो दुसऱ्या देशात उभा असे. बव्हेरियाच्या बाजूच्या पाट्या म्हणूनच लोकांना आधीच थांबवत.

भिंतीच्या दोन बाजू

थुरिंगियाच्या काठावर राहणाऱ्याच्या ओळखपत्रावर वेगळा शिक्का लागे. बाहेरगावचा पाहुणा, मग तो पोटचा मुलगा का असेना, परवान्याशिवाय येऊ शकत नसे. शेतावर काम उजेड असेपर्यंतच. शिड्या कुलपात ठेवायच्या. पलीकडे पाहून हात हलवायला, नमस्कार करायला बंदी. या शेवटच्या नियमाचं ओझं मापात मांडता येत नाही. भाऊ समोरच्या अंगणात गवत उचलताना दिसतो, आणि त्याच्याकडे आपण पाहिलं हेही दिसू द्यायचं नाही.

बव्हेरियाच्या काठावर बंदी नव्हती, पण तिथलं आयुष्यही कडेलाच लोटलं गेलं. रस्ता भिंतीपाशी संपे. पश्चिम जर्मनीने सीमेलगतच्या साधारण ४० किलोमीटरच्या पट्ट्याला खास मदत दिली. त्यासाठी १९७१ चा कायदाही आहे. बसगाड्या भरून लोक भिंत बघायला येत. बव्हेरियाचे सीमा-पोलीस, संघराज्याचं सीमादल, जकात-रक्षक आणि अमेरिकन सैनिक असे चौघे एकाच वाटेवर गस्त घालत. ५ फेब्रुवारी १९८३ ला अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश इथे आले, आणि राष्ट्राध्यक्ष केनेडींनी बर्लिनमध्ये 'मी बर्लिनकर आहे' असं म्हटलं होतं त्याच धर्तीवर 'मी म्योडलारॉइटकर आहे' असं जर्मनमध्ये म्हणाले.

भिंत ओलांडून यशस्वी पलायन एकच झालं, १९७३ मध्ये. माणूस गाडीचालक होता, आणि त्याच्या हातात गाडी होती आणि घरी बनवलेली शिडी. गाडी भिंतीला लावली, टपावर शिडी उभी केली आणि तो पलीकडे उतरला. ३.३० मीटरची भिंत नुसत्या शिडीला फारशी जड नाही. जड होतं ते शिडी आणि माणूस दोन्ही त्या ५०० मीटरमध्ये एकाच वेळी आणणं. शिड्यांना कुलपं का होती ते यावरून कळतं.

त्याच वर्षी दोन्ही जर्मनींमधला मूलभूत करार लागू झाला. सीमेलगतच्या पश्चिमेकडच्या लोकांना जवळच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत जाण्याची सोय झाली. म्योडलारॉइटला तिचा उपयोग अर्धाच. बव्हेरियाच्या काठावरच्या माणसाने रीतसर नाक्यावरून, मोटाररस्त्याने फेरा मारून पूर्व जर्मनीत जावं, श्लाइत्ससारख्या गावात नातेवाइकाला भेटावं. पण त्याच्या घरी जाता येत नसे, कारण घर प्रतिबंधित पट्ट्यात. ज्या दारापासून निघालो त्याच्या समोरच्या दाराशी पोचणं तेवढं जमत नव्हतं. याच करारानंतर दोन्ही सरकारांच्या संयुक्त समितीने सीमेची पद्धतशीर मोजणी केली. आधार जुन्याच हद्दींचा. एकोणिसाव्या शतकातल्या दगडांना असा पुन्हा मान मिळाला.

उघडताना

१९८९ च्या १ ऑक्टोबरला प्रागच्या पश्चिम जर्मन वकिलातीत आसरा घेतलेल्या हजारो पूर्व जर्मनांना घेऊन गाड्या होफच्या स्थानकात शिरल्या. म्योडलारॉइटपासून होफ फार लांब नाही. ९ नोव्हेंबरला बर्लिन उघडलं. पण या गावात भिंत तशीच होती. आणखी एक महिना. ९ डिसेंबरला तिच्यात पायी जाण्यापुरती वाट काढली गेली. बर्लिनची रात्र सगळ्या जगाने पाहिली म्हणून सगळी सीमा त्याच रात्री उघडली असं मानणं चुकीचं ठरतं. प्रत्येक रस्ता, प्रत्येक पाणंद वेगळी मागावी लागली, वेगळी मोकळी करावी लागली.

त्याच ९ डिसेंबरला होफमध्ये आणखी एक घटना घडली. दोन्हीकडचे सुमारे ४०० निसर्गरक्षक एकत्र जमले आणि सीमेची पट्टी नांगराखाली किंवा बांधकामाखाली जाऊ न देता तशीच राखावी असा ठराव त्यांनी केला. चाळीस वर्षं तिथे नांगर, खत आणि माणूस पोचला नव्हता. झुडपांत आणि ओल्या कुरणांत घरटी करणारे पक्षी इतर शेतशिवारातून हटले तरी इथे टिकले होते. तीच आज 'हरित पट्टा' म्हणून ओळखली जाते. थुरिंगियाने २०१८ मध्ये आपल्या हद्दीतल्या पट्ट्याला राष्ट्रीय निसर्गस्मारकाचा दर्जा दिला.

१७ जून १९९० ला खोदयंत्राने भिंतीचा मोठा भाग पाडला. सगळीच पाडावी असं वाटणं त्या दिवसांत अगदी स्वाभाविक होतं. चोवीस वर्षं जी डोळ्यांसमोर होती ती एक दिवसही जास्त कोणाला नको होती. तरी सुमारे १०० मीटरचा तुकडा राखला गेला, आणि त्याभोवती दोन्ही राज्यांच्या सहभागाने जर्मन-जर्मन संग्रहालय उभं राहिलं. हा निर्णय घेणाऱ्यांचं मोल मोठं आहे. पुढे सीमेवरची बांधकामं इतक्या झपाट्याने नाहीशी झाली, की भिंत, चर, पट्टी, रस्ता आणि मनोरा हे सगळं एका ओळीत, मूळ गावाच्या मध्ये पाहण्याच्या जागा फार थोड्या उरल्या.

आज जमिनीवर

३ ऑक्टोबर १९९० ला देश एक झाला, आणि १९५२ मध्ये पूर्व जर्मनीने मोडीत काढलेलं थुरिंगिया राज्य पुन्हा उभं राहिलं. म्हणजे ओढा पुन्हा तेच झाला जे तो १९२० मध्ये होता: दोन राज्यांमधली हद्द. बव्हेरियाच्या काठाचा पिन कोड ९५१८३, फोनचा कोड ०९२९५, गाडीवर होफची 'एच ओ' अक्षरं. थुरिंगियाच्या काठाचा पिन कोड ०७९२६, फोनचा कोड ०३६६४९, गाडीवर झाले-ओरला जिल्ह्याची 'एस ओ के'. घरच्या फोनवरून समोरच्या घराला लावायचा तर परगावचा कोड फिरवावा लागतो. पोलीस आणि शाळा हे जर्मनीत राज्यांचे विषय. म्हणून दोन्ही काठांचे पोलीस वेगळे. पोरांचे अभ्यासक्रमही वेगळे: विद्यापीठात नेणारी शालान्त परीक्षा थुरिंगियात बाराव्या वर्षी, बव्हेरियात पुन्हा तेराव्या. दारात भेटलेला बव्हेरियाचा माणूस 'देव तुझं भलं करो' अशा अर्थाचं 'ग्र्यूस गोट' म्हणतो, थुरिंगियाचा साधं 'गुटेन टाग'.

गाव एकाच राज्यात का आणत नाहीत, असा प्रश्न इथे येणाऱ्या बहुतेकांना पडतो. कायद्याची आडकाठी नाही. जर्मन घटनेच्या २९ व्या कलमाच्या सातव्या पोटकलमात, ५०,००० पर्यंत वस्तीचा भाग एका राज्यातून दुसऱ्यात द्यायला दोन राज्यांचा आपसातला करार पुरतो. पण तसं केलं तर एका काठाला आपली नगरपालिका, जिल्हा, शाळेची वाट आणि सणाच्या सुट्ट्या सगळं सोडावं लागेल. आणि या हद्दीने आता कोणाची वाट अडत नाही. अडवत होती ती तिच्यावर रचलेली व्यवस्था.

गाव पाहायला जाणाऱ्याने भिंतीपासून सुरुवात करू नये. आधी मनोऱ्याच्या बाजूने, थुरिंगियाच्या अंगाने, वरून खाली यावं: आधी इशाऱ्याच्या कुंपणाचे खांब, मग भोकांच्या पाटांचा रस्ता, मग पट्टी, मग चर. चराच्या तळाशी उभं राहून पश्चिमेकडच्या उभ्या लाद्यांकडे पाहावं. मग भिंतीची पूर्वेकडची, पांढरी बाजू. तिच्यापुढे रात्रीच्या उजेडात माणसाची सावली लगेच उठून दिसे. तिथून वळसा घालून पाण्याशी यावं. काठच्या गवतात १८१० चा दगड आहे. त्याच्या एका अंगावर बोट फिरवलं तर 'के बी' लागतं, आणि न हलता हात पलीकडे नेला तर 'एफ आर'.